कढीपत्त्यावरची अळी आणि ह्यांचा कॅमेरा

कामोठे,
शुक्रवार

ती. वन्संना प्रेमलाचा नमस्कार. पाय तुमचे तिकडे आणि मी इकडे, म्हणून नमस्कार कागदावरच ठेवला आहे, उचलून घ्या. गुडघे कसे आहेत? तेल लावता का, की बाटली नुसती कोनाड्यात शोभेला? (हे फोनवर विचारलं असतं, पण तुम्हाला ऐकू येत नाही आणि तुमच्या सुनेनं ओरडून सांगितलं की सगळ्या गल्लीला कळतं. आजचं गल्लीला कळायला नको.)

तुमचे धाकटे बंधू ठीक आहेत. म्हणजे छातीत दुखल्यापासून वाशी मार्केटचं काम सुटलं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. चौतीस वर्षं पाठीवर कांद्याची पोती वाहिलेला माणूस तीन महिने खुर्चीत बसून होता. चहा दिला तर प्यायचा, नाही दिला तर मागायचा नाही. एकदा मी मुद्दाम बिनसाखरेचा दिला, तोही मुकाट्यानं प्यायले. (मग मी मोरीत जाऊन रडून घेतलं.) शेवटी आमच्या उत्कर्षानं तिच्या रबाळ्याच्या कंपनीतल्या मैत्रिणीकडून जुना कॅमेरा आणला आणि म्हणाली, "पप्पा, मागच्या अंगणातले पक्षी काढा." अंगण कसलं, तळमजल्याच्या आमच्या खोलीमागे कंपाउंडच्या भिंतीपर्यंतची चार पावलं. त्यात एक तुळस, एक जास्वंद आणि माझा कढीपत्ता.

पहिल्या आठवड्यात फांद्यांचे भरपूर फोटो आले. प्रत्येक फांदीवर पक्षी होता, असं हे शपथेवर सांगतात. शेजारच्या सुचितानं तर खिडकीतून विचारलंच, "काका, आमच्या किचनचे फोटो कशाला काढताय?" हे म्हणाले, "तुझ्या ग्रिलवर बुलबुल बसलाय. हलू नकोस, उडेल." बिचारी हातात लाटणं धरून तशीच उभी राहिली, तव्यावरची पोळी करपली. फोटोत लाटणं छान आलं आहे.

मग एका सकाळी कढीपत्त्याच्या पानावर चिमणीची शीट दिसली म्हणून पुसायला गेले, तर ती चालायला लागली. अळी! मी झाडू आणला. आणि वन्सं, इतक्या महिन्यांनी ह्यांचा तो जुना खणखणीत आवाज ऐकला, मार्केटात हाळी द्यावी तसा : "हात लावशील तर बघ!" मी झाडू खाली ठेवला. खरं तर आनंदानंच ठेवला.

तेव्हापासून घरात कढीपत्ता बंद. पानं अळ्यांची, आमची फोडणी नुसती मोहरीची. सात अळ्या होत्या, सहा बुलबुलानं नेल्या. (ह्यांनी त्याचे फोटो काढणं सोडलं आहे.) उरलेली हिरवीगार, लठ्ठ झाली आणि एका काडीला स्वतःला बांधून घेऊन कोषात गेली. हे रोज स्टूल टाकून समोर.

त्यात सोसायटीनं डासांसाठी धूर मारणारा माणूस बोलावला. ह्यांनी दोरीवरची हाताला लागली ती साडी झाडावर टाकली आणि हात पसरून पुढे उभे राहिले. (साडी तुम्ही दिलेली इरकल होती. धुतली आहे. वास जाईल.) धुरात खोकत होते, पण हलले नाहीत. "भाऊ, आत एक जण झोपलाय," म्हणाले. त्या माणसानं साडीकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं आणि मशीन बंद करून पुढच्या बिल्डिंगकडे पळाला.

परवा सकाळी कोष फुटला. मला हाक मारली. चुरगळलेले, ओले, काळे पंख आणि त्यावर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. ते हळूहळू उलगडत होते. मी म्हटलं, "अहो, फोटो!" पण कॅमेरा गळ्यातच लोंबत राहिला. ह्यांनी माझा हात धरला होता. अंगणात, वन्सं, सुचिताच्या देखत! फुलपाखरू भिंतीपलीकडे गेलं तरी सोडला नाही. म्हणाले, "आतमध्ये भीती वाटली असेल का गं त्याला?"



बाकी सगळं बरं. सुनेला आशीर्वाद सांगा, हळू आवाजात.

तुमची,
प्रेमला

ता. क. : पत्र लिहायला बसले ते ह्यासाठी. डॉक्टरांनी बायपास सांगितली आहे, पुढच्या महिन्याची सात तारीख दिली आहे. हे "बघू" म्हणतात आणि कॅमेरा घेऊन मागं जातात. माझं ऐकत नाहीत, लेकीचं ऐकत नाहीत. तुमच्या अक्षराला मात्र अजून घाबरतात. चांगल्या रागावून चार ओळी लिहा.

ता. क. दुसरा : मी कळवलं असं लिहू नका. त्यांना वाटतं, तुम्हाला ऑपरेशनचं काहीच माहीत नाही.

आक्का, पाकिटाला डिंक लावायला हिनं माझ्याकडेच दिलं, म्हणून वाचलं. रागावू नकोस, जातो मी ऑपरेशनला. पण त्या दिवशी तू इथं ये. प्रेमला माझ्याहून जास्त घाबरली आहे. बाहेर उत्कर्षा असेल, पण लेकीसमोर ती रडायची नाही. तुझ्यासमोर रडेल. — हौसेराव