विभाला दिवस गेले नव्हते

मी, विभा नरसिंह मुडबीकर, वय सव्वीस, धंदा नोकरी, राहणार बीदर, पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्याही दडपणाशिवाय माझी शेवटची इच्छा लिहून ठेवते. दुखण्याची गोळी सकाळपासून मुद्दाम घेतलेली नाही. पुढे कोणी ‘ती गुंगीत होती’ म्हणू नये. अक्षर वडील होते तेव्हा त्यांनी घरीच वळवून घेतले. ते आज थोडे हलते आहे, पण माझेच आहे.

१. बीदरजवळच्या कोळारच्या गोदामातल्या नोकरीतून बँकेत साठलेले सर्व पैसे आणि स्कूटी धाकटी बहीण विनीता हिला. स्कूटीचा मागचा ब्रेक लागत नाही. आधी दुरुस्त करावा, मग चालवावी.

२. कानातल्या कुड्या आई, शारदाबाई, हिला. तिने त्या मोडू नयेत. मोडल्या तरी माझा राग नाही.

३. साखरपुड्याची साडी कोणालाही द्यावी, माझ्या अंगावर घालू नये. कारण लिहिणे भाग आहे.

माझ्या छातीत, हृदयाच्या पुढे, कर्करोगाची गाठ आहे. हैदराबादच्या डॉक्टरांनी समजावले ते असे: बाळ घडत असताना बीजपेशी ओटीपोटातल्या आपल्या जागी जायला निघतात. क्वचित काही वाटेतच राहतात. माझ्या छातीत राहिल्या असाव्यात. अशा काही गाठी गर्भारपणी तयार होणारे द्रव्य रक्तात सोडतात. म्हणून पाळी थांबली, उलट्या झाल्या.

आमच्या घरात बायका अजून बाहेर बसतात. त्यामुळे मी बसले नाही हे कोणी कोणाला सांगायची गरज पडली नाही. काका, संकर्षण, जेवताना म्हणाले, “वहिनी, पोरगी हल्ली रोजच चुलीपाशी दिसायलीय.” आईने तपासणीची पट्टी आणली. दोन रेघा उमटल्या. सोनोग्राफीत गर्भाशय रिकामे निघाले तेव्हा आईने देवाला हात जोडले. काका म्हणाले, “पोटात न्हाई म्हंजे काढून आलीय.”

हे वाक्य उदगीरला, माझ्या ठरलेल्या सासरी, पोचले. लग्न मोडले. मला गावाकडे, मुडबीला, ठेवले. तिथे खोकला वाढला, धाप लागू लागली, पण लोक पोटाकडे बघतील म्हणून दवाखान्यात कोणी नेले नाही. तोंड आणि मान सुजली तेव्हा नेले. तोवर रोग फुप्फुसांत आणि यकृतात गेला होता. केमोने आधी उतार पडला, मग पडेना. लवकर आला असतात तरी खात्री देता आली नसती, असे डॉक्टर म्हणाले. हे काकांच्या बाजूचे आहे, पण खरे आहे म्हणून लिहिले.

४. काकांना मी काही देत नाही. त्यांच्याकडे एकच मागणे आहे. माझ्या तेराव्याला, पाने मांडण्याआधी, त्यांनी उभे राहून सांगावे: विभाला दिवस गेले नव्हते, तिला गाठ होती, मी बोललो ते खोटे होते.

वकील महेशकुमार म्हणाले, “अक्का, हे कोर्टात टिकत न्हाई.”
मी म्हटले, “पंगतीत टिकलं तरी बास.”
आई म्हणाली, “कामून लिहायलीस गं हे? लोक विसरायलेत.”
“विसरायलेत, तर विनीताला बघायला कामून कोण येईना?”
आई आत गेली.

५. विनीता कधी बाहेर बसते आणि कधी नाही, याच्यावर घराने डोळा ठेवू नये. पाळी चुकली तर आधी डॉक्टर, मग बोलणे. हा रोग सहसा बहिणीला होत नाही. तिने घाबरू नये.

साक्षीदारांविषयी: ज्याला मृत्युपत्राने काही मिळते त्याने साक्षीला सही करू नये, असा नियम आहे. म्हणून आई आणि विनीता नाहीत. काकांना काहीच मिळत नाही, म्हणून पहिली जागा त्यांना ठेवली होती. त्यांनी सगळे वाचले. म्हणाले, “चौथं काढ, मग करतो सही.” मी काढले नाही. पेनाला टोपण लावून ते खिशात घालून गेले. पेन माझे होते.

मग शेजारच्या लक्ष्मम्मांना बोलावले. त्यांना चौथे कलम वाचून दाखवले. सही करताना म्हणाल्या, “व्हय गं बाई, खरं हाय. पण म्या सांगून कोण ऐकायलंय? घरच्या गड्यानंच सांगावं लागतंय.”

वकिलांच्या मते सहीची जागा कोरी सोडू नये. म्हणून काकांच्या जागी मी आडवी रेघ मारली आहे.

स्थळ: बीदर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२४

सही: विभा नरसिंह मुडबीकर

साक्षीदार:
१. ————————
२. लक्ष्मम्मा (सही कन्नडमध्ये)
३. महेशकुमार, वकील