बोटातली रेव

ब्रिस्बेन, रविवार

लाडक्या आईस, गालाला गाल लावून लुसेआनेचा नमस्कार.

आम्ही मजेत आहोत. तुझा जावई तेविता प्रार्थनेला गाताना अजूनही बेसूरच.

माझ्या बोटावरची गाठ फुटली आणि आतून पांढरी रेव आली! मला वाटलं, लहानपणी खडकावर पडले तेव्हाचं प्रवाळ असणार. तू शिकवलंस तसं आठवडाभर लिंबू पिळलं आणि बोंबलत बसले.

डॉक्टरीणबाई हसली. "प्रवाळ कसलं? हा तुझ्याच अंगातला चुना. कातडीखाली साठलाय." एक्स-रेमध्ये दाही बोटांत पांढरे ठिपके, ओहोटीनंतरच्या आपल्या बेटाच्या किनाऱ्यासारखे. हा आजार कधी आतही उतरतो म्हणे, म्हणून आता छाती आणि घसाही तपासणार आहे, उगीच आपलं खात्रीसाठी. चटई विणणं तूर्त बंद.

"घरात आणखी कुणाला आहे का?" तिनं विचारलं. मी नाही म्हणाले. मग बसमध्ये आठवलं.

आई, विणताना तू उजव्या हाताचं एक बोट कायम वर धरतेस. विचारलं की म्हणतेस, "जुनं प्रवाळ रुतलंय." पण तू तर पाण्याला घाबरतेस. जन्मात कधी समुद्रात उतरली नाहीस.

ताईला घेऊन दवाखान्यात जा. आणि लिंबू लावू नकोस, फार झोंबतं.

तुझीच,
लुसेआने