कुशच्या राणीनंतर

३ फेब्रुवारी

ती. मामास,
भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू हं आणि बरं यांच्या पुढे जात नाहीस, म्हणून शेवटी कागद घेतला. पत्रांचं खातं आजवर मामीकडे होतं. ती पानंच्या पानं लिहायची, तळाशी अंगठ्याएवढी जागा सोडायची, आणि तिथे तुझी एक ओळ यायची: बाकी सर्व हिने लिहिलेच आहे. इतकी वर्षं तीच ओळ. आई म्हणते, तू तिचा शिक्काच करून घेतला असशील.

आता कामाचं. आम्ही कॉम्प्युटरवरचा जो खेळ बनवतोय, त्यात आफ्रिकेतली फार जुनी राज्यं आहेत. खेळणाऱ्याने एक राज्य निवडायचं, शेतं, तळी, सैन्य सांभाळायचं आणि शेजाऱ्यांना पुरून उरायचं. त्यातलं नाईलकाठचं कुश माझ्याकडे आहे. मामी शाळेत इतिहास शिकवायची, म्हणून कुशची माहिती काढायचं काम मी लाडीगोडी लावून तिच्या गळ्यात घातलं होतं. तिने लायब्ररीतून पुस्तकंही आणली होती. मग ते सगळं तसंच राहिलं.

आमचे साहेब, ज्यांना आम्ही पाठीमागे सम्राट म्हणतो, ते म्हणतात की कुश खेळायला कंटाळा येतो. मार्चअखेर त्यात जीव आला नाही तर ते खेळातून काढून टाकणार. मला ते अजिबात चालणार नाही. मामीने शेवटचं हातात घेतलेलं काम असं कचऱ्यात कसं जाऊ देऊ? तर ती पुस्तकं कुठे आहेत ते बघ. आणि तिच्या कॉम्प्युटरवर मी मागे हा खेळ बसवून ठेवलाय, तो एकदा खेळून बघशील का?

लोभ आहेच. उत्तर आलं तर दुप्पट करीन.

तुझी
भिंगरी

११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र मिळाले. पुस्तके सापडली. मुदत संपली होती म्हणून परत करायला गेलो. लायब्ररीतल्या बाईंनी विचारले, परत करायची आहेत की पुढे वाचायची आहेत. मी पुढे म्हणालो. कार्ड माझ्या नावाचे केले.

एक वाचून झाले. कुशच्या लोकांचे पिरॅमिड लहान व उभट होते. तुमच्या खेळात मोठे व पसरट आहेत. ते इजिप्तचे. बदलावेत.

खेळ पाहिला. चालतो. प्रकृती ठीक.

तळाशी जागा उरली आहे. तिचे काय करायचे ते कळले नाही, तशीच ठेवली आहे.

मामा

१८ फेब्रुवारी

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून वाटलं, तू कुश राज्याची लिफ्ट तपासलीस आणि दोर ठीक असल्याचा शेरा मारलास. अरे, लिफ्ट तपासनीस म्हणून निवृत्त होऊन किती काळ लोटला! आता तरी माणसांना पत्र लिही. मामी तुझ्याशी दिवसभर काय बोलत असेल आणि तू काय उत्तर देत असशील, याचा मी काल बसमध्ये बसून विचार करत होते. ठीक, चालू, बंद. एवढ्यावर संसार झाला तुमचा.

पिरॅमिडचं मी आमच्या चित्रकाराला सांगितलं. तो म्हणाला, मोठेच छान दिसतात. मी म्हटलं, माझा मामा जन्मभर वर-खाली जाऊन उंची मोजत आलाय, त्याच्याशी तू भांडणार का? बिचाऱ्याने संध्याकाळपर्यंत सगळे बारीक करून टाकले.

खेळ चालतो हे मलाही ठाऊक आहे. तू खेळलास का? हरलास की जिंकलास? कशाचा राग आला? आम्हाला तेच हवं असतं. आणि तळाची जागा रिकामी पाठवत जाऊ नकोस, बघवत नाही.

लोभ तेवढाच आहे. दुप्पट करण्याजोगं काही आलेलं नाही.

भिंगरी

२ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तू टोचलेस, म्हणून सविस्तर लिहितो.

सकाळी मामीच्या टेबलाशी बसून वाचतो. तिची खुर्ची मला जरा बुटकी पडते, पण उजेड चांगला येतो. कुशच्या लोकांची स्वतःची लिपी होती. विद्वानांना ती वाचता येते, पण बहुतेक शब्दांचा अर्थ लागत नाही. हे वाचून मी एकटाच हसलो, कारण स्वयंपाकघरात माझी तीच गत आहे. तुझ्या मामीच्या डब्यांवर क१, क२ अशा चिठ्ठ्या आहेत. अक्षर सुरेख. क१ मध्ये कणीक निघाली, तेव्हा क२ म्हणजे तिचीच धाकटी बहीण असे धरून मी ती सूप दाट करायला घातली. ती कपड्यांची खळ होती. सूप इतके दाट झाले की चमचा न धरता उभा राहिला.

कुशच्या राण्या मोठ्या जबरदस्त. त्यांना कंदाके म्हणत. त्यातली एक, एका डोळ्याने अधू असलेली, रोमन सैन्याशी लढली. रोमन बादशहाच्या पुतळ्याचे मुंडके तिकडे एका देवळाच्या पायरीखाली पुरलेले सापडले. येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय त्यावर पडावा म्हणून ते पुरले असावे, असे म्हणतात. मामीला ही राणी फार आवडली असती. तिच्या मुख्याध्यापकांसाठी तिने एखादी पायरी नक्की राखून ठेवली असती.

आता खेळ. पुष्कळदा खेळलो, दर वेळी हरलो. राग आला का विचारतेस, तर आला. राणी मेली की तुमचा खेळ चार फेऱ्या सगळे राज्य बंद ठेवतो. काळी चौकट येते आणि शोक पाळा म्हणते. पेरणी नाही, तळी नाही, लोखंडाच्या भट्ट्या नाहीत. आपण नुसते बघत बसायचे. मी तेवढ्यात चहा टाकायला उठलो, परत येतो तर रोमन माझ्या तळ्यावर घोडे धूत होते. हा नियम कोणी केला? ज्याने केला त्याला या गोष्टीची काडीचीही कल्पना नाही, असे माझे नाव घेऊन सांग.

तळाची जागा या वेळी उरली नाही.

मामा

८ मार्च

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

ज्याला काडीची कल्पना नाही ती मीच. तो नियम माझा आहे.

मामी गेल्यावर मी ऑफिसला परत आले, त्याच आठवड्यात तो केला. आले त्या दिवशी लोक नेहमीसारखे चहाच्या यंत्राशी उभे राहून हसत होते. कुणाचं तरी बिस्कीट चहात पडलं होतं, त्यावर. मला इतका संताप आला की ठरवलं, निदान माझ्या राज्यात तरी राणी गेल्यावर सगळं थांबलं पाहिजे. सम्राटांना नेमका हाच भाग कंटाळवाणा वाटतो आणि मी दर बैठकीत त्यांच्याशी वाद घालते. तू तरी माझ्या बाजूने असशील असं वाटलं होतं. तुझं तर सगळ्यांत जास्त थांबलं असेल ना?

मी रागावलेली नाही. म्हणजे थोडी आहे. पण एवढं लांब पत्र लिहिलंस म्हणून सोडून देते. खळीचं सूप आईला वाचून दाखवलं. हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं. मग म्हणाली, तुझ्या मामीच्या माघारी त्या घरातून मला एकही पत्र आलेलं नाही, भाचीला मात्र सूपसुद्धा कळतं.

लोभ असू दे, भांडणासकट.

भिंगरी

१४ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

नियम तुझा आहे हे माहीत असते तर जरा मऊ शब्दांत लिहिले असते. मत तेच राहिले असते.

थांबले नाही ग. मलाही वाटले होते की थांबेल. दुसऱ्या दिवशी दूधवाला आला. विजेचे बिल आले. शेजारच्यांनी भिंतीत खिळे ठोकले. मला भूक लागली, आणि त्याची लाज वाटली. सगळे चालू राहते. बंद पडते ते तेवढेच, जे ती करत होती. आणि ते काय काय होते, हे आधी कोणी सांगत नाही. एकेक बंद पडते तेव्हा कळते.

मागच्या महिन्यात जिन्यातला दिवा गेला. बरेच दिवस अंधार. सगळे एकमेकांना विचारू लागले की हा दिवा बदलतो कोण. इतकी वर्षे प्रत्येकाला, मलाही, वाटत होते की तो इमारतच बदलते. तुझी मामी बदलायची. मी शिडी लावली. पहिला दिवा चुकीच्या मापाचा आणला, दुसरा बसला. आता खालचे शिंपीकाका मला दिवेवाले म्हणतात. शिवाय मागच्या खिडकीत एक मांजर येऊन माझ्यावर खेकसते. त्याचे आणि मामीचे काय ठरले होते, ते अजून उलगडलेले नाही. दूध ठेवले, ते त्याने हुंगून सोडले.

तर तुझ्या कुशमध्ये राज्य बंद ठेवू नकोस. प्रत्येक राणीचे काहीतरी काम तिचे तिचे असू दे. खेळणाऱ्याला ते सांगू नकोस. ती गेली की तेवढेच थांबू दे. मग त्याचे त्याला कळेल. नव्या राणीला ते करू दे, आधी वाईट, मग बरे.

हा नियम खरा आहे. मी तपासला आहे.

तुझे थांबले असेल तर थांबू दे. त्याबद्दल मी काही म्हणत नाही.

मामा

९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी लेक काल इकडे सुखरूप पोचली. आल्या आल्या डबे उघडून चिठ्ठ्या तपासल्या. बदलल्या मात्र नाहीत, अर्थ तेवढा मला तोंडी समजावून सांगितला. मांजराचाही उलगडा तिनेच केला. त्याला दूध नको होते, खिडकी उघडी हवी होती. ते येते, मामीच्या खुर्चीत झोपते आणि उठून जाते. म्हणजे सकाळी आता मला बसायला दुसरी खुर्ची बघावी लागणार.

कुश राहिले. तुला तिने फोनवर सांगितले असेलच, पण माझ्याकडूनही ऐक. तिने नियम बदलला आणि तिच्या साहेबांना खेळायला बसवले. राणी मेली. राज्य नीट चालू. साहेब म्हणाले, मग बदलले काय? थोड्या फेऱ्यांनी तळी गाळाने भरू लागली आणि शेते वाळली. साहेब ओरडायला लागले की गाळ काढणे कोणी बंद केले. भिंगरीने सांगितले, कोणीच नाही; तो राणी काढून घेत होती. साहेबांनी खेळ पहिल्यापासून सुरू केला आणि या खेपेला राणी जिवंत असतानाच ती कुठे जाते, काय करते, ते बघत बसले. जेवायलाही उठले नाहीत. त्याच दिवशी कुश पक्के झाले.

भिंगरी म्हणते, हा नियम मामाचा. मी म्हटले, माझा नाही. ज्यांच्यावरून तो कळला त्या दोघींचा, एक मामी आणि एक तू. मामी गेल्यावर काय थांबले ते मी मोजत होतो, आणि तुझी तक्रार वाचली तेव्हा कळले की पत्रे राहिली आहेत. दिव्यानंतर हेच.

तर हे पहिले. वाईट झाले असेल. पुढचे बरे होईल. गुडघ्यांना जप. जिने चढू नकोस, लिफ्ट असेल तर लिफ्ट वापर. दोर मजबूत असतात.

भिंगरी मघापासून शेजारी बसून पेन मागते आहे. तिच्यासाठी खाली अंगठ्याएवढी जागा सोडली आहे. माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस, उत्तर मात्र लांब पाठव.

तुझा
भाऊ

आई, नमस्कार. बाकी सर्व मामाने लिहिलेच आहे. भिंगरी