जपानी म्हाताऱ्याची नक्कल

सोनापूर कॅम्प, दुबई
जानेवारी २००९

आप्पा, पाया पडतो.

मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे?

सध्या बिल्डिंगचं काम थंड आहे, म्हणून कंपनीने आम्हाला एका जपानी नाटकाचं स्टेज बांधायला पाठवलं. फळ्या उचलून खांदे गेले. त्यांच्यातला एक म्हातारा लाकडी मुखवटा घालून इतका हळू चालतो की बघणाऱ्याला झोप यावी. मी पोरांसमोर त्याची नक्कल केली, तर हा मागेच उभा.

वाटलं, खलास, गेली नोकरी. पण त्याची दुभाषी बाई हिंदीत म्हणाली, "बोल रहे हैं, छे सौ साल पहले हमारे लोग भी मेले में ऐसी नकल ही करते थे." पुढे तिनेच सांगितलं, मग त्यांच्यातल्या कुणा बापाने त्यात नाचगाणं घातलं आणि मोठा सरदार बघायला आला. त्याच्या पोराने बापाचं सगळं शिकून लिहून ठेवलं, म्हणून ते टिकलं. या म्हाताऱ्याचा पोरगा मात्र बँकेत आहे, तो शिकत नाही.

मला शिमग्याच्या खेळात तुम्ही मुखवटा घालून नाचवायचात तो संकासुर आठवला. तुम्ही शिकवायचात आणि मी मागे तुमचीच नक्कल करून पोरं हसवायचो.

आप्पा, काम थंड नाही, बंदच पडलंय. पुढच्या महिन्यात आम्हाला परत पाठवतायत. आईला मी आल्यावर सांगेन.

संकासुराला यंदा तुमच्या जागी दुसरा माणूस बघू नका. नीट शिकेन.

तुमचा,
रुपेश