दादाच्या डोक्याची तपासणी

४ मार्च
चि. चिमणीस,
अ. आ. वि. माझं डोकं कामातून गेलं आहे. तुझी वहिनी सकाळी सांगते ते संध्याकाळी मला आठवत नाही. परवा तिच्या बहिणीला आणायला स्टेशनवर जायचं होतं म्हणे, आणि मी दुकानात निवांत किल्ल्या घासत बसलो होतो. अशा माणसाच्या हाती लोकांनी आपली कुलपं का द्यावीत? महिनाअखेर दुकान बंद करावं म्हणतो. तू औषधांच्या दुकानात आहेस, तर मेंदूसाठी व्हिटॅमिनच्या दोन-चार बाटल्या पाठव.
लोभ आहेच, तो मात्र विसरलेलो नाही.
दादा

९ मार्च
ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. बाटल्या मिळणार नाहीत. अंगात कमी असेल तरच त्यांचा उपयोग. आधी रक्त तपास, बी-बारा मुद्दाम बघायला सांग. सुई पाहून तू पळ काढशील, म्हणून वहिनीला सोबत ने आणि तिचंही तपासून घे. तोवर दुकान बंद करायचं नाव काढू नकोस. वीस वर्षांपूर्वीची किल्ली तू नुसती चाचपून ओळखतोस, ते डोकं कामातून कसं जाईल?
रागावलास तरी माया असू दे.
चिमणी

२० मार्च
चि. चिमणीस,
अ. आ. वि. माझं बी-बारा ठणठणीत निघालं. कमी आहे ते तुझ्या वहिनीचं, आणि बरंच. ती मला सांगायचंच विसरत होती, आणि सांगितल्याचं तिला पक्कं आठवत होतं. अर्धा तास मी हवेत होतो. मग ती रिपोर्ट पुन्हा पुन्हा वाचताना दिसली आणि माझं धाबं दणाणलं. डॉक्टर म्हणतात वेळेत कळलं, इंजेक्शनांनी सुधारेल. दुकान चालू आहे. हल्ली ती बिचकत विचारते, सांगितलं होतं ना मी? मी म्हणतो, हो, मीच विसरलो.
दोघांवर लोभ ठेव.
दादा

१५ मे
प्रिय चिमणीस,
अ. आ. इंजेक्शनं लागू पडली. खात्री करायला मी परवा यांना विचारलं, छत्री दुरुस्तीला टाकायला सांगितली होती, टाकलीत का? तोंड पाडून म्हणाले, मीच विसरलो. मी तसलं काही सांगितलंच नव्हतं, आणि हे मला लख्ख आठवत होतं. दोन महिने हा माणूस माझं विसरणं स्वतःच्या अंगावर घेतो आहे. मला रडूच आलं.
मी बरी झाले हे दादाला इतक्यात कळवू नकोस. अजून थोडे दिवस मला ते ऐकायचं आहे.
तुझी,
वहिनी