सगळ्या घरांना तांदूळ

आई, माझं मराठी अजून तसंच आहे, इंग्लिश मीडियमवालं, चुका झाल्या तर हसू नकोस. तू गेलीस तेव्हा मी शाळेत होते. आता नोकरी करते, आणि सुट्टीच्या दिवशी आम्ही काही जण पालिकेच्या बजेटच्या मागे लागलोय. शहराचा पैसा रस्त्यांना मिळतो, बागांना मिळतो, मग कामाला जाणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी एक पाळणाघर का नाही, एवढंच आमचं म्हणणं. फुलपाड्याच्या वस्तीत पाहिजे. परवा पालिकेतल्या साहेबांनी भेटायला बोलावलंय, आणि बोलायचंय मला.

मागणी मीच लिहिली. पाळणाघर फक्त पिवळ्या रेशनकार्डवाल्यांसाठी. पैसा कमी आहे, तर ज्यांना खरी गरज आहे त्यांनाच मिळू दे, फ्लॅटवाल्यांनी कशाला जागा अडवायच्या? मला हे एकदम फेअर वाटलं. तेच सांगायला मी फुलपाड्यातल्या एका ताईंकडे गेले. त्या गोखिवऱ्याला एका गाळ्यात पॅकिंगचं काम करतात, मुलगी अजून लहान आहे, कार्ड पिवळंच. आमच्या अर्जावर पहिली सही त्यांचीच. त्या चहा गाळता गाळता म्हणाल्या, "मग बाहेर बोर्डच लावा ना, गरिबांची पोरं इथे ठेवावीत." मी म्हटलं, "ताई, बोर्ड कोण लावतंय?" "लावायची गरजच नाय. कोण आत जातं ते अख्ख्या चाळीला दिसतं. माझी पोरगी तिकडनं बाहेर आली की शेजारीण काय बोलेल, मला माहितीये. मी नाय ठेवणार. तुम्हाला नाय कळायचं, मॅडम." इतके दिवस मी 'अगं पोरी' होते, एका मिनिटात मॅडम झाले.

घरी येताना रिक्षात तू आठवलीस. ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ, आपलं राजोडीचं स्वयंपाकघर, खाली चादरीवर तांदळाचा ढीग. त्या दिवसांत प्रत्येक घर रोज भात लावताना एक मूठ गरिबांसाठी बाजूला काढायचं, आणि आळीतले सगळे तांदूळ तुझ्याकडे जमा व्हायचे. तू पिशव्या भरतेस, मी गाठी मारते. आणि मग तू त्या आळीतल्या प्रत्येक घरात देतेस. ज्यांनी दिले त्यांनाच परत! एक पिशवी तर आपल्याच ओट्यावर ठेवतेस. मी म्हणते, "आई, किती स्टुपिड आहे हे, आपल्याकडे आहेत ना तांदूळ!" "गप गाठ मार. मोठी आली शहाणी." डॅडी चिडवतात, "आमचेच तांदूळ आम्हाला दान करते ही." तू हसतेस, पण एकही घर सोडत नाहीस. आता कळतं. सगळ्यांच्या घरात पिशवी गेली की खरी गरज कुणाला होती ते कुणालाच कळायचं नाही.

पण आई, तेवढ्यावर सुटत नाही गं. सगळ्यांना वाटल्यामुळे तुझ्या पिशव्या छोट्या व्हायच्या. शेवटच्या घरातली मावशी पिशवी हातावर तोलून बघायची आणि आत जायची, तेही मी पाहिलंय. आता सगळ्यांसाठी पाळणाघर मागितलं तर बिल्डिंगवाले आधी नंबर लावतील, आणि साहेब म्हणतील, एवढं बजेट नाही. फक्त गरिबांसाठी मागितलं तर कदाचित देतीलही, पण ते रिकामं राहील. मग पुढच्या वर्षी म्हणतील, बघा, कोणी येतच नाही, बंद करा. ग्रूपवर मी दोन्ही बाजूंनी एवढं लांबलचक लिहिलं, तर एकाने टाकलं, "बाई, तू नक्की कोणाच्या पार्टीत?" मला खरंच माहीत नाही. तुला तेव्हा पक्कं माहीत होतं का, की तूही अंदाजानेच भरायचीस पिशव्या? हे तुला कधी विचारलंच नाही, मला फक्त गाठी मारायचा कंटाळा यायचा.

हे सगळं फोनवर टाइप करतेय, पाठवणार कुठे? असंच राहील. एक गोष्ट मात्र तुलाच सांगते. इतक्या मीटिंगा केल्या, भाषण पाठ केलं, साहेबांपुढे बोलायला मिळणार म्हणून खूश होऊन नवीन कुर्तासुद्धा घेतला. पण त्या ताई कामावर जातात तेव्हा त्यांची मुलगी दिवसभर कुठे असते, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.