गाळणीचं वाण

शेलूबाजार, मंगळवार, संध्याकाळ

आज चिऊच्या शाळेत माता मेळावा होता, संक्रांतीच्या हळदीकुंकवासकट. तिच्या आईची, सुनीताची, दवाखान्यात ड्युटी, म्हणून मी गेलो. मागच्या वर्षी लाजेपोटी शेजारच्या काकूंना पाठवलं होतं. ते अजून सलतं.

पन्नासेक बाया आणि मी. मॅडम ताट घेऊन माझ्यापाशी आल्या आणि थांबल्या. मग स्टीलची गाळणी पुढं करून म्हणाल्या, "भाऊ, हे वाण वहिनीले द्या."

मी म्हटलं, "मॅडम, घरी चहा मीच गाळतो."

बाया हसल्या, मीही हसलो. मॅडमनी मग माझ्या कपाळाला टिळा लावला.

येताना स्टँडवर माझे जुने शेठ भेटले, कृषी केंद्रवाले. "कायले घरी बसून राह्यला बे? सोमवारपासून दुकानात ये."

मी गाळणी पाठीमागं लपवली. का लपवली? चोरीची थोडीच होती. पुन्हा पुढं घेतली आणि सांगितलं, "बसून नाही राह्यलो शेठ. पोरगी मोठी होऊ द्या, मग पाहू."

दुकानात मी सुखी होतो, खोटं कशाला लिहू. पण तेव्हा चिऊ रोज दुसऱ्याच्या घरी जेवून झोपायची. आता माझ्या हातचं खाते आणि नावंही ठेवते.

सुनीता आत्ताच आली. नव्या गाळणीनं चहा गाळून दिला.

"ही कोणाची आणली?"

"माझी हाय. मले वाण भेटलं."